शाहूपुरीतल्या दुकानात मधला माळा घालावा का? (उंची १३ फूट ८ इंच)

शाहूपुरीचा वहीवाला

मंडळी, सल्ला पाहिजे. कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरच्या अलीकडं आमचं कागद-वह्यांचं होलसेल दुकान आहे. जागा भाड्याची, मालक जुने आणि समंजस. गाळा १२ फूट रुंद, ३० फूट खोल. भिंती जुन्या वीट-मातीच्या, वर लाकडी तुळया आणि मंगलोरी कौलं. फरशीपासून तुळईच्या पोटापर्यंत उंची १३ फूट ८ इंच भरते. म्हणजे डोक्यावर निम्मी जागा नुसती कोळ्यांना आंदण दिलेली.

२०१९ ला पाणी आत आलं, २०२१ ला पुन्हा आलं. दोन्ही वेळा कंबरेच्या वर. भिजलेला कागद रद्दीवालाही हातात धरत नाही. तो फुगला की रॅकच्या फळ्यासुद्धा उचकटतो, हे ज्याच्यावर बेतलंय त्यालाच माहीत.

आता मागच्या बाजूला १२ बाय १४ चा मेझनाईन, म्हणजे मधला माळा, करायचा विचार आहे. वर माल, आणि जमलं तर एक टेबल टाकून हिशेबाची बैठक. एका फॅब्रिकेटरनं दर दिलाय. दोन्ही बाजूंच्या भिंतींत लोखंडी चॅनेल घुसवायचे, वर १९ मिमी प्लाय, पुढून लोखंडी शिडी. आठवड्यात काम म्हणतोय. करून टाकू का?

तालीमवाला

करा की, विचारताय काय! आमच्या गल्लीत निम्म्या दुकानांत माळे आहेत. कोण मेलं नाही अजून.

रेखाटन

वहीवाले, मी आर्किटेक्ट आहे, याच शहरात काम करते. घाई करू नका, आधी टेप हातात घ्या.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत मेझनाईनला किमान उंची २.२ मीटर धरली आहे, म्हणजे साधारण ७ फूट ३ इंच. खालच्या माणसालाही तेवढी डोक्यावर जागा हवीच. दोन वेळा सव्वासात फूट म्हणजे साडेचौदा. त्यात मधल्या बीमची आणि पत्र्याची जाडी आठ-नऊ इंच. सव्वापंधरा फुटांच्या आत खाली-वर दोन्हीकडं नीट उभं राहता येत नाही. तुमच्याकडं पावणेचौदाही नाहीत. तेव्हा हिशेबाची बैठक विसरा.

क्षेत्रफळालाही मर्यादा आहे. संहितेप्रमाणे मेझनाईन इमारतीच्या जोत्याच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा करता येत नाही. तुमचा गाळा ही स्वतंत्र इमारत धरली तर ३६० चौरस फुटांचे १२० होतात, म्हणजे १२ बाय १०. तुम्ही १६८ म्हणताय.

आणखी काही अटी आहेत, त्या लोकांना जाचक वाटतात पण त्यांच्यामागं कारण आहे. मेझनाईनवर स्वयंपाकघर करायचं नाही. त्याचे लहान-लहान खण पाडायचे नाहीत. तो बंदिस्त करून बिनहवेची खोली होईल असं काही करायचं नाही. वरच्या-खालच्या हवेला अडथळा येता कामा नये. बसायला-राहायला वापरायचा असेल तर ९.५ चौरस मीटरपेक्षा लहान चालत नाही आणि उजेड-वारा राहत्या खोलीइतका लागतो. मुळात मेझनाईन हा खालच्या मजल्याचाच भाग, खाली डोकावणारा. तो डोकावणं बंद करून भिंत घातली की तुम्ही चोरून एक मजला चढवला असा अर्थ होतो.

आपल्याकडं डिसेंबर २०२० पासून राज्याची एकीकृत नियमावली लागू आहे. एफएसआयमध्ये (जागेच्या मानानं किती बांधकाम चालतं त्या हिशेबात) काय धरतात ते महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारा, इथं कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्यासुद्धा.

उद्यमनगरचा वेल्डर

बाई बरोबर बोलत्यात. पण मला त्या प्लायचं लई वाईट वाटतंय. वहीवाले भावा, तुमच्या मालाचं वजन कधी केलंय का? कापडाचं दुकान असतं तर मी बी गप बसलो असतो.

ए-फोरचं एक रीम धरा. ७५ जीएसएमचं (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) पाचशे पानांचं रीम भरतंय साधारण २ किलो ३५० ग्रॅम. दहा रीमचा बॉक्स साडेतेवीस किलो. असे बॉक्स चार फूट उंच रचले की एका चौरस मीटरवर नऊशे किलोच्या आसपास जातंय. तुमचा माळा १२ बाय १० जरी केला तरी अकरा चौरस मीटर झाला. मधली वाट सोडून माल भरला तरी सात टन! चौदा म्हशी माळ्यावर बांधल्यासारखं हाय हे. आणि त्या म्हशी तुम्ही १९ मिमी प्लायवर उभ्या करणार?

ज्यानं तुम्हाला दर दिलाय त्यानं एकदा तरी विचारलं का, वर काय ठेवणार म्हणून? नसलं विचारलं तर त्याला चहा पाजा आणि वाटंला लावा.

रेखाटन

वेल्डरभाऊंचा हिशेब अगदी चोख. त्याला आकड्यांची जोड देते. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात मजल्यावर किती भार धरायचा ते दिलंय. राहत्या घराला चौरस मीटरला २०० किलो, दुकानाला ४००. गोदामाला मात्र साठ्याच्या प्रत्येक मीटर उंचीमागं २४० किलो आणि एकूण ७५० च्या खाली नाही. दुकानातला माळा म्हणून लोक ४०० धरतात, किंवा काहीच धरत नाहीत, आणि वर गोदाम भरतात. कागदाच्या बाबतीत तर ७५० सुद्धा चार फुटी थप्पीला पुरत नाहीत.

पुण्याहून पाहुणा

एवढा खर्च करण्यापेक्षा जागाच बदला ना. पूररेषेत दुकान ठेवायचंच कशाला?

तालीमवाला

आलं पुणं. भाऊ, शाहूपुरी १८९५ ला शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसवली. तुमच्या सल्ल्यासाठी आम्ही पेठ उचलून कात्रजला नेऊ का?

मंगळवारपेठेतली

भांडण नको. मी जुन्या घराबद्दल लिहिते, थोडं विषयांतर होईल.

आमच्या वाड्यात सोप्याच्या मागच्या खोलीवर पोटमाळा होता, अजून आहे. सागवानी तुळई, त्यावर कडीपाट, कडीपाटावर माती आणि वर शेणाचं सारवण. उंची इतकीच की आजीला वाकून चालावं लागे आणि आम्हा पोरांना धावता येई. वर काय असायचं? बियाणाची गाडगी, कांदे, चुलीची लाकडं, लग्नातली भांडी, पाळणा. जड धान्य कधीच नाही. धान्याची कणगी खाली, जोत्यावर. जुन्या लोकांना आयएस क्रमांक माहीत नव्हते, पण वर हलकं आणि कोरडं, खाली जड, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वयंपाकघराच्या धुरानं वरचं लाकूड आणि कांदे दोन्ही टिकायचे. आता गॅस आला, धूर गेला आणि कडीपाटाला वाळवी लागली.

दोन वर्षांमागं आमच्या भावानं त्याच माळ्यावर पाण्याची टाकी बसवायची काढली होती. पाचशे लिटरची. घरात रणकंदन झालं. शेवटी टाकी बाथरूमच्या स्लॅबवर गेली.

तुमच्या भिंती वीट-मातीच्या आहेत म्हणालात. २०२१ नंतर त्या वाळायला किती काळ लागला ते आठवा. आमच्या नात्यातल्यांचं घर शुक्रवार पेठेत आहे, तिथं दिवाळी झाली तरी गिलाव्याला हात लावला की ओल लागायची. अशा भिंतीत चॅनेल घुसवायचं म्हणजे...

उद्यमनगरचा वेल्डर

ताईंनी मुद्द्याला हात घातला. मातीच्या जुडाईची भिंत कोरडी आहे तोवर राजा. आत पाणी शिरलं की जुडाईची माती मऊ पडती, आणि नेमका त्याच येळला तुम्ही सगळा माल वर चढवून ठेवलेला. पूर आल्यावर माळ्यावर वजन सगळ्यात जास्त आणि भिंतीत दम सगळ्यात कमी. हे दोन्ही एकाच दिवशी येतंय बगा.

म्हणून भिंतीला हात लावायचाच न्हाई. स्वतंत्र कॉलम. सहा कॉलम, प्रत्येकाला आपलं फूटिंग म्हंजे पाया, कडक मुरूम लागेपर्यंत खाली. तुमच्या पट्ट्यात वर काळी माती निघंल, तिच्यावर थांबायचं न्हाई. फरशीच्या वर फूटभर काँक्रीटचा ओटा घ्यायचा, त्यावर बेस प्लेट, अँकर बोल्ट. बेस प्लेट फरशीला लागून ठेवली की तिथं गाळ साठतो आणि पयला गंज तिथंच धरतो. बारा फुटांच्या गाळ्याला २०० मिमीचा आयबीम आडवा, पाच-पाच फुटांवर. वर ६ मिमी चेकर प्लेट, म्हंजे नक्षी उठलेला जाड पत्रा, तिला खालून दीड-दोन फुटांवर अँगल. नुसती प्लेटच चौरस मीटरला पन्नास किलो भरती, तेवढं ध्यानात ठेवा. मागच्या बाजूला एक्स ब्रेसिंग, म्हंजे फुलीसारखे तिरपे आधार, मारायचं, न्हाईतर चार जणं वर चालली की सगळं डुलतंय. पण ही मापं मी अंदाजानं सांगतोय, डिझाईन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडनंच घ्या. त्याची फी सात टनांपुढं काहीच न्हाई.

रेखाटन

डुलण्यावरून एक. बीम तुटत नाही म्हणजे चांगला असं नाही, तो किती वाकतो तेही बघायचं. लोखंडी बांधकामाच्या आयएस ८०० मध्ये अशा मजल्याला बीमच्या लांबीच्या तीनशेव्या भागापर्यंत वाक चालतो. बारा फुटांना १२ मिमी. तुमच्या २०० च्या बीमला ते सहज बसेल. १२५ च्या चॅनेलवर भागवलं तर माल पडणार नाही कदाचित, पण वर पाऊल टाकताना पोटात गोळा येईल.

शिरोलीचा भट्टीवाला

मधल्या मजल्यांचा विषय निघालाय तर आमच्या धंद्याचं सांगतो. मेझनाईन म्हटलं की लोकांना मॉलमधला कॉफीवाला आठवतो. कोल्हापूरच्या फौंड्रीत मधल्या पातळीशिवाय पान हलत नाही.

लोखंड वितळवायची उभी क्युपोला भट्टी बघितली असेल तर आठवा. कोक, पिग आयर्न, भंगार, चुनखडी हे सगळं वरच्या दारातून थरावर थर टाकायचं, आणि रस खाली निघतो. मग ते दार गाठायला चार्जिंगचा प्लॅटफॉर्म लागतो. तोच आमचा मेझनाईन. त्यावर पिग आयर्नचा ढीग, कोकच्या पाट्या, चार माणसं. तिथं वजनापेक्षा मोठी भीती वायूची. क्युपोलातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नाही. प्लॅटफॉर्म तीन बाजूंनी पत्र्यानं बंद करून ठेवला तर वरच्या माणसाला चक्कर आली तरी कळत नाही का आली ते. वर रेखाटनताईंनी 'हवेला अडथळा नको' लिहिलंय ना, ते आमच्याकडं जिवाशी येतं.

आता बरेच जण विजेच्या इंडक्शन भट्टीवर गेलेत. तिथंही भट्टी जमिनीवर नसते, उचललेल्या प्लॅटफॉर्मवर असते. खाली तिरपी करायचे हायड्रॉलिक सिलिंडर, पाण्यानं थंड होणाऱ्या केबली, आणि अस्तर फुटलं तर रस उतरायला कोरडा खड्डा. खड्डा कोरडाच हवा, वितळलेलं लोखंड पाण्यावर पडलं की स्फोट होतो. त्या खालच्या जागेत कुणी कधी 'रिकामीच आहे' म्हणून सामान ठेवलं की आमचे वडील तोंडाचा पट्टा सोडायचे.

वहीवाल्यांच्या कामाला याचा उपयोग शून्य, पण लिहावंसं वाटलं.

शाहूपुरीचा वहीवाला

उपयोग कसा नाही, माळ्याखाली मी जनरेटर ठेवणार होतो. आता नाही ठेवत.

प्लायवाल्याला नकार कळवला. पण मग माझ्या उंचीत नेमकं बसतं काय? वेल्डरभाऊंच्या २०० च्या बीमनं खाली सव्वासात फूट ठेवले तर वर पाच फूट आठ इंच उरतात. वाकून का होईना माणूस फिरेल की.

रेखाटन

हीच अडचण आहे, आणि तीच मजेची आहे. पाच फूट आठ इंच म्हणजे १.७ मीटर. संहितेत सामानाच्या माळ्याला कमाल उंची १.५ मीटर आहे आणि मेझनाईनला किमान २.२. तुमचे १.७ ना इकडचे ना तिकडचे. तपासणीला आलेला माणूस विचारणार, सामानाचा माळा आहे तर एवढा उंच का, आणि माणसांचा आहे तर एवढा बुटका का?

तर उलटं करा. माळा खाली ओढण्याऐवजी वर ढकला. वर फक्त १.५ मीटर, म्हणजे ४ फूट ११ इंच ठेवा. मग माळ्याची फरशी ८ फूट ९ इंचांवर येते आणि बीमखाली खालच्या दुकानाला आठ फूट मोकळे मिळतात. गिऱ्हाईकाच्या डोक्यावर ओझं राहत नाही, उजेड मागपर्यंत पोचतो. माल पुराच्या पाण्यापासून आणखी पाऊण फूट वर जातो. आणि तिसरा फायदा वेल्डरभाऊंना आवडेल. वर उंचीच कमी असल्यानं थप्पी तीन-सव्वातीन फुटांच्या वर कुणी रचत नाही. मीटरभर कागद म्हणजे चौरस मीटरला ७५० किलो. गोदामाचा आकडा तिथंच जुळतो. माळ्याच्या क्षेत्रफळालाही नियम आहे, तेवढा मात्र नगररचनेत विचारून घ्या.

माझ्याकडं लोक येतात ते 'डबल हाईट'चे, म्हणजे दोन मजल्यांइतक्या उंच खोल्यांचे, फोटो घेऊन. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या मुंबईतल्या कांचनजंगा इमारतीचा उभा छेद बघा म्हणते मी त्यांना. तिथं घरांत पातळ्या वरखाली केल्यात, पण कुठलीही पातळी उरलेल्या जागेत कोंबलेली नाही. आपल्याकडं उंची उरली की तिचे दोन तुकडे करायचे, मग दोन्ही तुकडे बिनकामाचे.

उद्यमनगरचा वेल्डर

एकदम पटलं. फकस्त पावणेनऊ फुटांवर साडेतेवीस किलोचा बॉक्स खांद्यावरनं शिडीनं न्यायचा म्हणजे पोरं पळून जातील. पुढच्या बीमला कप्पी नको, सरळ चेन ब्लॉक (साखळीनं ओझं उचलायचं यंत्र) लावा. त्याचा भार इंजिनिअरला आधीच सांगा. समोरचा कठडा मीटरभर उंच, आणि जिथनं माल घ्यायचा तिथं उघडझाप करणारा दांडा. साखळी लावू नका, कोण बी परत अडकवत न्हाई.

आणि छताचा पंखा! माळा झाल्यावर तो बरोबर पाठीवर येतो. काढून भिंतीवरचा लावा.

कुंभार गल्ली

आमचा अनुभव सांगतो. आमच्याकडं मूर्तींसाठी लाकडी मचाणं पहिल्यापासून आहेत. पण पूर येतो जुलै-ऑगस्टला, तेव्हा गणपती रंगाला आलेले असतात आणि मचाण आधीच भरलेलं असतं. रिकामा माळा हाच पुरात कामाचा. भरलेला माळा असून नसल्यासारखा. फूट-दीड फुटाच्या मूर्ती तरी हातोहात चढतात, मोठ्या मूर्तींना माळा काही कामाचा नाही, त्यांना गाडीच लागते. तुम्ही जुलैत तो रिकामा ठेवणार का?

शाहूपुरीचा वहीवाला

कुंभार गल्लीवाल्या दादा, आमचं गणित इथं बरं बसतं. वह्यांचा माल एप्रिल-मेमध्ये भरतो, शाळा सुरू झाल्या की जूनमध्ये उठतो. जुलैच्या मध्यापर्यंत माळा आपोआप निम्मा रिकामा होईल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की खालचे रीम वर चढवायला सुरुवात करायची, ४३ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्या वर गेलं होतं. जयंती नाल्यातून ते शहरात मागं फुगतं, नदी दिसायच्या आधी गटार बोलतं.

आता भाडेकरूचा मुद्दा. मालक तोंडी हो म्हणतायत.

टेंबलाईचा वकील

तोंडीवर जाऊ नका, कितीही समंजस असले तरी. उद्या त्यांची मुलं येतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ मध्ये मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणं हे जागा परत मागायचं एक कारण आहे. जागेचं फारसं नुकसान न करता काढून घेता येतात असे बदल त्यात मोडत नाहीत. त्या दृष्टीनंही भिंतीत न घुसवलेला, नटबोल्टचा सांगाडा तुमच्या फायद्याचा. पण फूटिंगसाठी फरशी फोडणार आहात, म्हणून लेखी संमती घ्याच. नकाशा जोडा, दोघांच्या सह्या, आणि जागा सोडताना लोखंड कुणाचं हेही लिहा. वाद नेहमी शेवटच्या ओळीवरून होतात.

मंगळवारपेठेतली

आगीचं कुणीच बोललं नाही. कागद आहे, वर कौलांखाली लाकूड आहे, उतरायला एकच शिडी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आम्ही सगळ्यांनी बघितलंय. जुनं लाकूड पेटलं की किती वेळ मिळतो ते कुणाला सांगायला नको.

रेखाटन

हो, ते राहिलंच होतं. धूर आधी वर जातो, त्यामुळं माळ्यावरच्या माणसाला खालच्याच्या आधी त्रास होतो. वर वायरिंग पाईपमधून, दिवे एलईडी, थप्पीपासून लांब. अग्निशामक सिलिंडर वर नको, जिन्याच्या पायथ्याशी. मेन स्विच आणि एमसीबी मात्र पाच-सहा फुटांवर घ्या, पुराचं पाणी तिथवर यायच्या आत बंद करता यायला हवा. आणि उभी शिडी नको. संहितेत राहत्या घराच्या जिन्याची पायरी १९० मिमीपेक्षा उंच चालत नाही. तुम्हाला पावणेनऊ फूट चढायचेत, म्हणजे चौदा-पंधरा पायऱ्या आणि बारा-तेरा फूट लांबी. तो जिना बाजूच्या भिंतीला लावून बसवा, खाली काउंटरचे कप्पे निघतील. जागा खातो म्हणून कुरकुर कराल, पण हातात बॉक्स घेतलेला माणूस शिडीवर मागं बघू शकत नाही.

शाहूपुरीचा वहीवाला

चौदा पायऱ्यांनी काउंटर तीन फूट पुढं सरकतंय. वडिलांना विचारावं लागेल, काउंटर त्यांचा आहे.

सोमवारी इंजिनिअर येतोय. वेल्डरभाऊ, उद्यमनगरात तुमचं वर्कशॉप कुठं ते निरोपात कळवा. आणि दराचं आधीच सांगा, चेकर प्लेट किलोवर लावणार का चौरस फुटावर?

उद्यमनगरचा वेल्डर

किलोवर. वजन तुमच्यासमोर काट्यावर. गंज काढून दोन हात प्रायमर त्यात आला, बेस प्लेट आणि कॉलमच्या खालच्या चार फुटांना इपॉक्सी रंगाचं वेगळं. फूटिंगचं काम मी घेत न्हाई, त्याला गवंडी तुम्ही बघा.